सातशे दहा पावलं

यंदा संक्रांतीनंतरच्या शनिवारी आम्ही पाचच जण होतो. तीन वर्षांपूर्वी चौदा होतो. हे मी वहीत बघून सांगतो आहे, आठवणीवर नाही. इथे परदेशात, ईडन प्रेरी या गावी, आमचा मराठी मंडळींचा चालण्याचा गट आहे आणि त्याची वही पहिल्यापासून माझ्याकडे आहे. तारीख, तापमान, किती आले, किती अंतर, आणि शेवटी शेरा असे रकाने आहेत. शेऱ्यात बहुतेक वेळा काहीच नसतं. कधी ‘वारा’, कधी ‘मीनल घसरली’.

ही मीनल नागपूरची. गट तिनंच सुरू केला आणि वही माझ्या गळ्यात मारली. ती मला हेडमास्तर म्हणायची. आता नवऱ्याच्या नोकरीपायी ती दोघं उबदार चँडलरला गेली. तिथून ती जानेवारीत संत्र्याच्या झाडाखाली उभं राहून काढलेले फोटो पाठवते आणि खाली लिहिते, हेडमास्तर, बर्फ कसा आहे. आणखी एक कुटुंब पुण्याला परत गेलं. दोघांचे गुडघे गेले. राहिलेल्यांतले निम्मे आता व्यायामशाळेत फिरत्या पट्ट्यावर चालतात. पट्टा अंतर आपोआप मोजतो, वही लागत नाही.

तरी आम्ही गेलो. वर्षातून एकदा, संक्रांतीनंतरच्या शनिवारी, गावाबाहेरचं राखीव माळरान या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी पार करायचं, पलीकडच्या लाकडी शेडमध्ये एकमेकांना तिळगूळ द्यायचा आणि परत यायचं, अशी आमची रीत आहे. तिळगूळ तिथपर्यंत दगड झालेला असतो. गालात धरून ठेवावा लागतो, मग हळूहळू गुळाची चव सुटते. तोवर कोणाला बोलता येत नाही. गोड बोलायच्या सणाला चौदा माणसं गाल फुगवून गप्प उभी असायची. यंदा पाच.

इथल्या थंडीला वास नसतो. इतकी वर्षं झाली तरी मला ते चमत्कारिक वाटतं. आपल्याकडे थंडीला शेकोटीचा, ओल्या गवताचा, पेटीतून काढलेल्या स्वेटरचा वास असतो. इथे उणे चार फॅरनहाइटला नाकातले केस ताठ होतात आणि वास असा काही उरतच नाही. आवाज मात्र असतो. बुटाखाली बर्फ करकरतो, आणि तो किती कोरडा करकरतो यावरून थर्मामीटर न बघता अंदाज बांधता येतो. बर्फाच्या वर गुडघाभर तपकिरी गवत उभं असतं, वाळलेलं, पण मोडलेलं नाही. वारा आला की सगळं रान एका अंगावर कलतं आणि मग पुन्हा हळूच उभं राहतं.

“हा तर माळ आहे,” आप्पा म्हणाले होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. ते इथे आले ते २००४ च्या सप्टेंबरमध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आई गेली होती. माण तालुक्यातल्या आमच्या घरात ते एकटे उरले. धाकटी बहीण शैला सांगलीला असते. तिचा फोन आला की आप्पांनी गॅसवर दूध ठेवलं आणि विसरले, पातेलं जळून काळं झालं, शेजारच्यांनी येऊन गॅस बंद केला. एकदा झालं ते दोनदा होईल, असं तिचं म्हणणं. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून आप्पांना मी घेऊन आलो. व्हिजा सहा महिन्यांचा. मार्चच्या मध्याला परत जायचं आणि एप्रिलमध्ये आईचं वर्षश्राद्ध आपल्या घरी करायचं, हे त्यांनी विमानात बसण्याआधीच मला सांगून ठेवलं होतं.

ते सरकारी मोजणी खात्यात मोजणीदार होते. एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे बांध मोजले. मोजणीची साखळी टाकण्याआधी ते ती हद्द एकदा नुसतीच चालायचे, काही न बोलता, पावलं मोजत. दर शंभर पावलांना डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात. मग साखळी. दोन्ही आकडे जवळपास जुळले तर ठीक. नाही जुळले तर चूक कोणाची हे ते आधी ठरवत नसत. साखळी गोळा करायला लावून फेरमोजणी करायचे, उन्हातान्हात, दोन्हीकडचे भाऊबंद चरफडत उभे असले तरी. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. मला तहान लागलेली असायची आणि ते पुन्हा पहिल्या खुंट्याशी गेलेले असायचे. आकड्यांची सवय मला तिथून लागली असावी. आज मी ज्या कंपनीत आहे तिथे दर हजार नगांत किती सदोष निघाले हे काढतो.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात काय चाललं होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. नोव्हेंबरात सुजाताचं, माझ्या बायकोचं, पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते, ते बारा झाले. खाली वाकायचं नाही, दुधाचा गॅलनसुद्धा उचलायचा नाही. ऑफिसातलं अर्धं काम पुण्याच्या टीमकडे चाललं होतं आणि ते शिकवायचा फोन सकाळी साडेपाचला असायचा. मुलगी श्रुती अकरा वर्षांची. मी घरात शिरायचो तो जोडे न काढता ओट्याशी जाऊन उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकायचो. त्या दिवसांतली माझी आठवण म्हणजे ओट्याची कड. ती कमरेच्या वर, बरगडीच्या खाली लागते, बरोबर तिथे.

बाकी सगळं आप्पा करत होते. भात, आमटी, एक भाजी. पोळ्या त्यांना जमत नसत, म्हणून भाकरी. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ते सरकारी नकाशासारख्या घालायचे, चार, आठ, सोळा. तीन वाजून पन्नास मिनिटांनी शाळेची बस यायची. ते पावणेचारला सुजाताचा जुना जांभळा कोट घालून कोपऱ्यावर उभे राहायचे. श्रुती लांबूनच ओरडायची, “आबा, यू डोन्ट हॅव टु कम एव्हरी डे!” आणि मग दप्तर त्यांच्याकडे द्यायची.

मार्च जवळ येत होता. आप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला बारीक टिंब केलं होतं. मी शैलाशी फोनवर बोलायचो आणि आमचं बोलणं दर वेळी त्या जळलेल्या पातेल्यापाशी येऊन थांबायचं. मुदतवाढीचा अर्ज करता येतो, हे मी चौकशी करून ठेवलं होतं. आप्पांचं डोकं पहिल्यासारखं राहिलं नाही, त्यांना एकटं ठेवणं बरोबर नाही, असं मी सुजातालाही सांगत होतो. ती छताकडे बघत ऐकायची.

हे आप्पांच्या कानावर गेलंच. त्यांनी रागावायला हवं होतं. एक दिवस भाकरी थापताना, माझ्याकडे पाठ करून, ते म्हणाले, “माझं डोकं शाबूत आहे की नाही, मोजून बघ.”

असं ठरलं की संक्रांतीनंतरच्या चालण्याला त्यांनी आमच्याबरोबर यायचं आणि माळ पार करताना पावलं मोजायची. त्यांचा आकडा माझ्या वहीतल्या अंतराशी जुळला तर मार्चमध्ये परत. नाही जुळला तर मुदतवाढ. त्यांनीच सुचवलं आणि मी हो म्हणालो. वडिलांची परीक्षा घेताना मला काही वाटलं का, असं मी नंतर स्वतःला विचारलं आहे. थोडं हायसं वाटलं होतं. निर्णय मला घ्यावा लागणार नव्हता, आकडा घेणार होता.

त्यांचं पाऊल अडीच फुटांचं. पण बर्फाच्या बुटात ते आखूड पडणार हे त्यांनी स्वतःच ओळखलं. घरासमोरच्या पदपथावर मी टेपनं शंभर फूट मोजून दिले. ते सहा वेळा गेले, सहा वेळा आले. सरासरी चव्वेचाळीस पावलं. माळावरचं अंतर माझ्या वहीत पक्कं होतं. गाड्या लावतो तिथे पाटी आहे, शेडपर्यंत एक पूर्णांक तीन मैल, आणि ऑक्टोबरात मी ते पेडोमीटरनं ताडून पाहिलं होतं. म्हणजे साधारण तीन हजार वीस पावलं यायला हवी होती. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

त्या शनिवारी चौदा जण होतो. आप्पा सगळ्यांच्या मागे, श्रुती त्यांच्याबरोबर. चिंचोके इथे कुठून आणणार, म्हणून डाव्या खिशात चाळीस राजम्याचे दाणे. हातमोजा घालून दाणा उचलता येईना, त्यामुळे दर शंभराला हातमोजा काढायचा, दाणा या खिशातून त्या खिशात टाकायचा, पुन्हा हातमोजा चढवायचा. मीनल मधून मधून मागे बघून म्हणायची, हेडमास्तर, काकांची बोटं गळून पडतील यार, दोन मार्क ग्रेसचे देऊन टाका. मी पुढे होतो. पुढे म्हणजे आधी गेलेल्या कोणाच्या तरी बुटांचे खड्डे पडले होते, त्यांत पाय टाकत, मान खाली घालून. आदल्या दिवशी पुण्याच्या टीमनं एक तक्ता चुकीचा पाठवला होता, तो डोक्यात चालू होता. माळाचं मला एवढंच आठवतं की चालायला सपाट होतं आणि एके ठिकाणी फारच सपाट होतं.

शेडमध्ये पोचल्यावर आप्पांनी हातमोजे काढले. उजव्या हाताची बोटं बिटासारखी झाली होती. त्यांनी दाणे बाकावर मांडले. तेवीस.

“दोन हजार तीनशे दहा,” ते म्हणाले.

मी वही काढून उगाच वजाबाकी केली. ती मनातल्या मनात झाली होती. सातशे दहा कमी. म्हणजे सात वेळा दाणा सरकवायचाच राहिला. मी श्रुतीला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, “ही डिडन्ट मिस एनी, बाबा. आय वॉज वॉचिंग.” अकरा वर्षांची पोर काय बघणार, असं मी मनाशी म्हटलं. मग सगळ्यांनी तिळगूळ तोंडात धरला.

परत येताना ते पुन्हा सगळ्यात मागे होते. गाडीत काचा पुसत मी त्यांना सांगितलं.

“आप्पा, सातशे दहा कमी भरली.”

“असं?” ते बाहेर बघत म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, “तुझ्याकडचा आकडा पक्का आहे ना?”

“पाटीवर आहे. येताना मोजली का तुम्ही?”

“नाही,” ते म्हणाले. “पाटीवर आहे तर मग झालंच.”

घरी आल्यावर मी सुजाताला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, “आणि आकडा जुळला असता तर पाठवलं असतंत?” मला भात गरम करायचा होता. मी स्वयंपाकघरात गेलो.

पुढच्या आठवड्यात अर्ज गेला. कॅलेंडरवरचं टिंब तसंच राहिलं. वहीत त्या दिवशीच्या शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, ‘आप्पा: ७१० कमी.’

एप्रिलमध्ये आईचं वर्षश्राद्ध इथेच झालं. गुरुजी मिळाले नाहीत. जेवणाच्या टेबलावर फोटो ठेवला, सुजाता पहिल्यांदाच कमरेचा पट्टा न बांधता उठली आणि तिनं खीर केली. वडे आप्पांनी तळले. मागच्या डेकवर त्यांनी पान मांडलं आणि कावळ्याची वाट बघत उभे राहिले. डेकच्या कडेला अजून करडा, मळका बर्फ होता. कावळे इथे आहेत, समोरच्या झाडावर दोन बसलेही होते, पण त्यांना आपली रीत माहीत नाही. शेवटी एक खार आली आणि वडा घेऊन कठड्यावरून पळाली. आप्पा बघत राहिले. मग म्हणाले की तिला खारी आवडायच्या, आणि आत येऊन हात धुतले. घर तिकडे बंद होतं. आई ज्या पडवीत गेली तिथे त्या दिवशी कोणी दिवा लावला नाही.

सप्टेंबरात ते गावी परत गेले. तोवर सुजाता कामावर रुजू झाली होती, साडेपाचचे फोन संपले होते, आणि मग शैलाला आणि मला, दोघांनाही, ते एकटे राहू शकतील असं वाटायला लागलं. त्यांचं डोकं त्या सहा महिन्यांत कसं काय सुधारलं, असा प्रश्न मला पडला नाही. माझ्यासारख्याला तो पडायला हवा होता.

यंदाची गोष्ट. श्रुती आता शाळेच्या पळण्याच्या संघात आहे. तिचं जीपीएसचं घड्याळ तिनं माझ्या मनगटावर बांधलं, दोन बटणं दाखवली आणि स्वतः झोपायला गेली. आम्ही पाचजण निघालो. माझा पन्नासावा हिवाळा, पाय जड, श्वास गळपट्ट्यावर गोठतोय. पुढे जुने खड्डे होते, त्यांतूनच गेलो. शेडपाशी पोचून मनगट पाहिलं. शून्य पूर्णांक नव्याण्णव मैल.

घड्याळ बिघडलं असं मी म्हणालो. बरोबरच्या एकानं आपलं बघितलं, त्याचंही तेवढंच. मग मी मागे वळून पाहिलं. आमच्या पावलांची ओळ सुतात मारल्यासारखी सरळ होती, आणि अर्ध्यावर तिच्या दोन्ही बाजूंना पाणकणसं उभी होती. तपकिरी, कापूस फुटलेली. पाणकणसं माळावर येत नाहीत, पाण्यात येतात. तिथे तळं आहे. उन्हाळ्यात वाट त्याला वळसा घालून जाते, पाटीवरचा आकडा त्या वाटेचा. ऑक्टोबरात पेडोमीटर घेऊन मीही त्याच वळशानं गेलो होतो. हिवाळ्यात तळं गोठलं की लोक सरळ त्यावरून जातात. मी दर वर्षी त्यावरून चाललो होतो आणि वहीत दर वर्षी एक पूर्णांक तीन लिहिलं होतं.

तिळगूळ तोंडात धरून मी बाकावर बसलो आणि हिशोब केला. नव्याण्णव शतांश मैल म्हणजे पाच हजार दोनशे सत्तावीस फूट. शंभराला चव्वेचाळीस पावलं. दोन हजार तीनशे.

आप्पांची दोन हजार तीनशे दहा होती.

परत येताना पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. तळ्याच्या मधोमध मी थांबलो, बाकीचे पुढे गेले. बर्फाखालचा बर्फ बुटाखाली वेगळा वाजतो, पोकळ नाही पण वेगळा. एकतीस वर्षं जमिनीवर चाललेल्या माणसाला तो कळला नसेल, असं मला वाटेना.

संध्याकाळी सातला फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ, साडेसहा. ते उठलेले असतात. मी त्यांना घड्याळाचं सांगितलं, तळ्याचं सांगितलं. ते म्हणाले, थांब, आणि रिसीव्हर बाजूला ठेवून आत गेले. परत आले तेव्हा कागद उलटल्याचा आवाज आला.

“जाताना दोन हजार तीनशे दहा. येताना दोन हजार तीनशे चौदा. पुढे लिहिलंय, तळ्यावरून.”

“तुम्ही येताना मोजली नाही म्हणाला होता.”

“म्हणालो होतो.”

मी विचारलं की मग तेव्हाच का नाही सांगितलं. वर्षश्राद्धाचं मी तोंडावर आणलं नाही, पण ते दोघांच्याही मनात असणार. बाहेर कोणीतरी अंगण झाडत होतं, खराट्याचा आवाज येत होता.

“सुजाता झोपून होती,” ते म्हणाले. “तू उभ्याउभ्या जेवत होतास. आप्पा, थांबा, मला जमत नाहीये, एवढं तुला म्हणता येईना. मग म्हटलं, राहू दे तुझा आकडा.”

मी खुर्चीवर बसलो होतो, ओटा समोर होता. जे काही म्हणायचं होतं ते तीन वर्षांपूर्वी म्हणायचं होतं, आणि तेव्हा ते दोन शब्दांचं होतं. मी त्यांच्या डोक्यात तूट दाखवली, कारण माझी दाखवायला मला रकाना नव्हता. हे मी त्यांना सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, “आप्पा, तेव्हा तुम्ही हवे होता.”

“हं,” ते म्हणाले. मग विचारलं, “यंदा किती जण होतात?”

“पाच.”

“मोजून परत आणलेस ना सगळे?”

“आणले.”

“बरं, ठेवतो आता,” आप्पा म्हणाले. “गॅसवर दूध आहे.”